सर्व्हर हलवला आणि नेटवर्क गेलं: लातूरच्या एका डाळ मिलमधला माझा अनुभव

जागा बदललेला सर्व्हर सुरू होतो, पंखे फिरतात, पडद्यावर लॉगिन येतं, आणि तरी ऑफिसातल्या एकाही कॉम्प्युटरला तो सापडत नाही. लातूर, उदगीर, निलंगा या भागात काम करताना असे प्रसंग मी अनेकदा पाहिलेत. हा त्यातला एक सविस्तर लिहितोय, कारण यात दोष एकच नव्हता. एक काढला की त्याच्यामागचा दुसरा दिसायचा, आणि पहिला निघाल्याशिवाय दुसऱ्याचा पत्ताही लागत नव्हता.

गंज गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर या मिलचं जुनं ऑफिस होतं. मालकांनी ते बार्शी रोडकडच्या एमआयडीसीत, मिलच्या आवारातच हलवलं. सर्व्हर म्हणजे उबंटू या लिनक्स सिस्टिमवर चालणारा एक टॉवर, उभ्या डब्याचा कॉम्प्युटर. त्यातल्या पोस्टग्रेस डेटाबेसात तुरीची आवक, वजनकाट्याच्या पावत्या आणि आडत्यांची देणी, सगळा व्यवहार. टेम्पोतून उतरवल्यावर तो सुरूच होईना, म्हणून तिथल्या एका तंत्रज्ञानं तो उघडला, रॅम आणि कार्डं काढून, पुसून परत बसवली. सर्व्हर सुरू झाला, पण प्रोग्राम काही उघडेना.

मुनीमजींचा फोन आला. "सर, मशीन चालू हाय, लाइटी बी लागायल्यात, पण एकाबी कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडंना झालाय. गाड्या गेटवर थांबल्यात."

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. मी येईपर्यंत पावत्या हातानं करा, आणि सर्व्हर पुन्हा बंद-चालू करू नका. सुरू होताना तो दोन मिनिटं एकाच जागी अडकतोय, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं होतं. ही खूण फार मोलाची. उबंटू सर्व्हर सुरू होताना नेटवर्क तयार होण्याची वाट बघतो, आणि ज्या पोर्टाची (नेटवर्कची वायर लागते त्या जागेची) वाट बघायला त्याला सांगितलंय तो सापडलाच नाही तर १२० सेकंदांनी नाद सोडून पुढं जातो. निघण्याआधीच अंदाज आला की सर्व्हर एक पोर्ट शोधतोय आणि तो त्याला मिळत नाही.

अशा वेळी मी खालून वर जातो: आधी वायर, मग पोर्ट, मग पत्ता, मग रस्ता, आणि सगळ्यात शेवटी प्रोग्राम. घाईत लोक थेट प्रोग्रामपासून सुरुवात करतात, सेटिंग बदलत सुटतात, आणि मूळ बिघाडात नवे बिघाड मिसळतात. मग काय आधीपासून होतं आणि काय आपण केलं, हे वेगळं काढता येत नाही.

वायर मदरबोर्डवरच्या पोर्टात लावलेली होती. तो पोर्ट मेलेला होता. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज पडली की लॅन पोर्ट, स्विच, मॉडेम जळणं काही नवीन नाही; हा पोर्टही मागं असाच गेला होता आणि म्हणून वेगळं नेटवर्क कार्ड बसवलेलं होतं. नव्या माणसाला हे कळणार कसं? त्या पोर्टावर खूण नव्हती. वायर कार्डात लावली, तरी लाइट लागेना. इथं पुष्कळ जण वायर बदलायला धावतात. पण काही कार्डांचा लाइट सिस्टिमनं ते पोर्ट उठवल्याशिवाय लागतच नाही. 'आयपी लिंक' कमांड दिली. कार्ड दिसत होतं, अवस्था 'डाउन'. हातानं उठवलं, लाइट लागला आणि ओळीत 'लोअर अप' दिसलं. म्हणजे निदान संपर्कापुरती वायर ठीक, स्विच ठीक.

मग हे कार्ड आपोआप का उठलं नाही? नावामुळं. पूर्वी लिनक्समध्ये पोर्टाला इथ०, इथ१ अशी नावं असायची. २०१३ पासून सिस्टमडीनं (लिनक्स सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामनं) कार्ड मदरबोर्डवर कुठं बसलंय त्यावरून नाव ठरवायला सुरुवात केली. हे कार्ड जुन्या जागी असताना त्याचं नाव ईएनपी३एस० होतं. पुसून बसवताना ते शेजारच्या स्लॉटमध्ये गेलं आणि झालं ईएनपी४एस०. नेटप्लॅनच्या, म्हणजे उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलमध्ये अजून जुनंच नाव लिहिलेलं. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींत, नाव बदलल्याची ओळ स्पष्ट होती. ज्यानं कार्ड बसवलं त्याला दोष देण्यात अर्थ नाही. स्लॉट बदलला की नाव बदलतं, हे वरून कुठंच दिसत नाही.

नुसतं तीनच्या जागी चार लिहून भागलं असतं, पण पुढच्या खेपेला कार्ड पुन्हा हललं की तीच अडचण. म्हणून फाइलमध्ये कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिला आणि त्या मॅकच्या कार्डाला आपण ठरवलेलं नाव लावायला सांगितलं. मॅक कार्डासोबत जातो, स्लॉटसोबत नाही. या फाइलमध्ये समासाची जागा स्पेसनंच सोडायची, टॅब चालत नाही. आणि बदल 'नेटप्लॅन ट्राय'नं लावायचा: १२० सेकंदांत आपण होकार दिला नाही तर तो जुनी सेटिंग परत आणतो. दूर बसून काम करणाऱ्यानं तर दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं हा बदल करू नये.

आता पोर्टाला जुना पत्ता मिळाला, १९२.१६८.१.१०. गेटवेला, म्हणजे बाहेर जायच्या राउटरला, पिंग केलं (ओ देतो का ते विचारलं), तर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'.

इथं थोडं थांबतो, कारण माझ्या मते या सगळ्या कामातला खरा कस इथं लागतो. पिंगचं उत्तर लोक 'चालतं' किंवा 'चालत नाही' एवढंच वाचतात. त्यातले शब्द वाचायला हवेत. 'नेटवर्क इज अनरीचेबल' आलं तर पॅकेट (पाठवलेला माहितीचा तुकडा) सर्व्हरच्या बाहेरच पडलेलं नाही. त्या पत्त्याकडं जाणारा रस्ताच त्याच्या तक्त्यात नाही. कार्ड उठण्याआधी आम्हाला हेच येत होतं. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं आणि ते सांगणारा पत्ता आपलाच असेल, तर सर्व्हरनं वायरीवर विचारलं, हा पत्ता कुणाचा, आणि कुणीच ओ दिली नाही. काहीच न छापता कर्सर नुसता थांबला, तर पॅकेट गेलंय पण परत येत नाही. मग फायरवॉल (नको ती पॅकेट अडवणारा पहारा) किंवा परतीचा रस्ता बघायचा. आणि 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' असेल तर भानगड बहुधा डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याची. आकड्यांचा पत्ता देऊन पिंग करून बघावं. म्हणजे पहिल्या वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर आलो, याचा अर्थ आपण एक पायरी वर चढलो. "अजून चालंना झालंय," असं मुनीमजी म्हणाले तेव्हा त्यांना मी हेच समजावलं, आणि ते पुढचा प्रत्येक मेसेज वहीत उतरवून घेऊ लागले.

गेटवे ओ देत नव्हता, कारण तो तिथं नव्हताच. नव्या जागेत नवं फायबर कनेक्शन होतं आणि त्याच्या राउटरची रांग, म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे, १९२.१६८.१०. वायरीवरची ये-जा दाखवणारा 'टीसीपीडंप' लावल्यावर वायरीवरचे सगळे पत्ते त्याच रांगेतले दिसले.

मालक म्हणाले, "राउटरचाच पत्ता जुना करून टाका ना, बाकी काहीच बदलावं लागणार नाही." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, त्या दिवसापुरता तोच झटपट उपाय होता. पण कॅमेऱ्यांचं काम आधीच नव्या रांगेवर झालं होतं. शिवाय मालक घरून व्हीपीएननं (इंटरनेटवरच्या खासगी वाटेनं) सर्व्हरवर येतात, आणि घरच्या राउटरांमध्ये १९२.१६८.१ ही रांग फार सर्रास असते. दोन्ही टोकांना एकच रांग असली की घरच्या कॉम्प्युटरला कळतच नाही की १९२.१६८.१.१० हा पत्ता घरातला की मिलमधला. त्यांना हा त्रास पूर्वी झालेलाही होता. म्हणून सर्व्हरलाच नव्या रांगेत आणायचं ठरवलं.

शेवटचा आकडा १० ठेवायचा विचार होता. आधी 'एआरपिंग'नं हा पत्ता कुणाकडे आहे का ते विचारून घेतलं, तर त्या पत्त्यावर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, बसलेला. तसाच पत्ता दिला असता तर दोघांची ओढाताण झाली असती आणि प्रोग्राम कधी चालतोय, कधी नाही, असा प्रकार सुरू झाला असता. तसला बिघाड शोधणं पूर्ण बंद पडलेल्या नेटवर्कपेक्षा अवघड. सर्व्हरला ५ दिला, आणि राउटर आपोआप वाटतो ते पत्ते १०० ते १९९ एवढेच ठेवले.

गेटवे मिळाला, बाहेरचा ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) मिळाला, नावंही उलगडू लागली. खाली उतरून पाहतो तर प्रोग्राम बंदच.

घर बदललं तरी रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, बँकेत जुनाच पत्ता राहतो, तसं इथं झालं होतं. कॉम्प्युटरवरून जोडायला गेलं की आधी टाइमआउट. म्हणजे फायरवॉल गप्प बसून पॅकेट टाकून देतोय: त्याच्या नियमात फक्त जुन्या रांगेला परवानगी होती. ती बदलल्यावर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचलो, पण ५४३२ या पोर्टावर (हा वायरीचा नव्हे, प्रोग्रामच्या दाराचा क्रमांक) ऐकणारं कुणी नाही: पोस्टग्रेसला जुन्याच पत्त्यावर ऐकायला सांगितलेलं होतं. तेही बदललं. मग पोस्टग्रेसनं स्वतःच सांगितलं की या होस्टसाठी पीजी-एचबीए फाइलमध्ये (कुणाला आत घ्यायचं त्या यादीत) नोंद नाही. नकाराचे हे तीन प्रकार तीन वेगळ्या दारांवरचे आहेत, आणि ते ओळखता आले की एकेका दारावर फार वेळ जात नाही. त्यानंतर मी ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमध्ये 'ग्रेप' या शोधायच्या कमांडनं '१९२.१६८.१.' सगळीकडे शोधलं. सांबाच्या (फोल्डर शेअर करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्येही तीच जुनी रांग निघाली.

प्रोग्राम उघडणार तेवढ्यात मी सगळ्यांना थांबवलं आणि घड्याळ पाहिलं. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली होती. उबंटू वेळ लिहून ठेवतो, त्यामुळं घड्याळ फार मागं गेलं नव्हतं. जुन्या ऑफिसात बंद करतानाची जी वेळ होती, तिथूनच पुढं चालू लागलं होतं. असं घड्याळ जास्त धोक्याचं, कारण तारीख बघताच खटकत नाही. त्या तारखेनं वजनाच्या पावत्या निघाल्या असत्या, आडत्यांच्या पट्ट्या चुकल्या असत्या. इंटरनेट सुरू झालेलं होतंच. वेळ जुळल्याची खात्री केली, ती हार्डवेअर घड्याळातही लिहिली, नवी बॅटरी मागवली, आणि मगच प्रोग्राम उघडायला दिला. कॉम्प्युटरांवर या वेळी आकड्यांचा पत्ता न टाकता सर्व्हरचं नाव टाकलं आणि होस्ट्स फाइलमध्ये त्या नावापुढं नवा पत्ता लिहिला.

मुनीमजींनी हातानं केलेल्या पावत्या चढवायला सुरुवात केली. पण पडदे हळू उघडत होते. पोर्टाची माहिती देणाऱ्या 'इथटूल'मध्ये वेग १००० मेगाबिटऐवजी १०० दिसला. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. उरलेल्या दोनपैकी एखादी जोडी तुटली तर बहुधा दोन्ही टोकं मुकाट्यानं १०० वर उतरतात आणि कुणाला दोष दिसत नाही. तपकिरी जोडीतली एक तार कनेक्टरमध्ये पोहोचलेलीच नव्हती. नव्यानं क्रिंप केलं, वेग आला.

राहिला वजनकाटा. तो पार गेटवर. केबल आवारातून वळसे घेत नेलेली, तांब्याच्या केबलची १०० मीटरची मर्यादा ओलांडलेली, आणि वर ती मिलच्या मोटारींच्या वायरीसोबत एकाच पाइपात. काट्याच्या केबिनमध्ये पिंगची निम्मी उत्तरं गळत होती. मध्ये एक स्विच टाकून लांबी तोडू, असं इलेक्ट्रिशियन म्हणत होता. मी ठामपणे नको म्हटलं. उघड्या आवारातून तांब्याची तार नेली की पावसाळ्याआधीची वीज त्याच वाटेनं ऑफिसात येते, आणि जळका पोर्ट समोरच होता. काच वीज वाहून नेत नाही. मालकांनी फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडून देणारा डबा) लावायला होकार दिला. मात्र फायबर धातूच्या तारेशिवायची घ्या, हे मी लिहून दिलं. फायबर ओढून होईपर्यंत काट्याच्या पावत्या हातानंच लिहिल्या गेल्या आणि संध्याकाळी ऑफिसात चढवल्या गेल्या.

निघण्याआधी रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट उघडली. ती ईटीसीमध्ये नव्हती, त्यामुळं 'ग्रेप'मध्ये आली नव्हती, आणि बॅकअप साठवणाऱ्या डब्याचा पत्ता तिच्यात जुनाच होता. डब्याला नव्या रांगेतला पत्ता दिला, स्क्रिप्ट बदलली, हातानं चालवली, आणि त्या बॅकअपमधून आवकेचं टेबल वेगळ्या डेटाबेसात उतरवून मुनीमजींकडून वहीशी ताडून घेतलं. आकडे जुळले.