आधी उसवायचं: जुन्या बाजारातल्या कपड्यांची चौथ्या महिन्याची नोंद

जुन्या बाजारातून वापरलेले कपडे घ्यायचे आणि घरी उसवून, शिवून पुन्हा वापरात आणायचे, हे मी चार महिन्यांपासून करते आहे. गेल्या बुधवारी सकाळी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. पाऊस उघडला होता, त्यामुळे ताडपत्र्यांवर कपड्यांचे ढीग पुन्हा पसरले होते. तासाभरात तीन नग घेतले. पुरुषांचा निळ्या रेघांचा पॉपलिनचा शर्ट ६० रुपयांना, एक जाड जीन्स १२० ला आणि मरून रंगाचा घेरदार रेयॉनचा कुर्ता ५० ला. चार महिन्यांपूर्वी मी रंग आणि नक्षी बघून कपडा उचलायचे. आता हातात आला की आधी उलटा करते.

उलट्या बाजूला सगळं कळतं. काखेतलं कापड उन्हाकडे धरायचं, विरलं असेल तर लगेच दिसतं. पँट असेल तर बैठक आणि मांड्यांच्या मधली जागा तशीच बघायची. मग शिवणीत माया, म्हणजे टिपेच्या आत राखलेलं जादा कापड, किती सोडली आहे ते. रेडिमेडमध्ये जेमतेम सेंटिमीटरभर सापडते, पण टेलरने शिवलेल्या कुर्त्याला बाजूंना इंच-दीड इंच मिळून जाते. ब्लाउजला आत दोन-तीन टिपा ओळीने मारलेल्या असतात आणि घट्ट व्हायला लागला की त्यातली एक उसवतात, तोच हा हिशेब. पुरुषांच्या शर्टाला बाजूने बहुतेक वेळा दुमडून मारलेली दुहेरी शिवण असते, तिथे सैल करायला काही उरत नाही. म्हणून मी आता सगळंच एक-दोन मापं मोठं घेते.

लहानपणी साताऱ्याला मावशीच्या दारात बोहारीण यायची. ती शर्ट हातात घेऊन आधी कॉलर उलटून बघायची, मग काखेत बोट घालायची आणि मान हलवून म्हणायची, "एवढ्यात पातेलं नाही येत ताई, अजून दोन साड्या घाला." तेव्हा वाटायचं की ती घासाघीस करतेय. आता कळतं की ती कापड वाचत होती.

घरी आल्यावर सुती कपडे कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवले. डांबराच्या गोळ्यांचा वास एका धुण्यात जात नाही, दोन उन्हं लागतात. रेयॉनला सोडा लावला नाही, नुसतं गार पाणी. हे कापड ओलं असताना कमजोर होतं, पिळलं की शिवणीपाशी ताणतं. आणि धुतल्याशिवाय कात्री लावायची नाही, कारण ते आटतं. कापड कशाचं आहे याची शंका असेल तर आतल्या मायेतून एक दोरा ओढून काढते आणि चिमट्यात धरून जाळते. सुती दोरा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. लेबलवर काहीही लिहिलेलं असलं तरी मी हे करतेच.

शर्टाची कॉलर

या महिन्यातलं सगळ्यात आनंदाचं काम हे, म्हणून सविस्तर लिहिते. शर्ट उत्तम होता, फक्त कॉलर मानेच्या घडीवर झिजून तिचे दोरे सुटले होते. मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, कॉलर उलटून घे. पूर्वी टेलरकडे लोक शर्ट त्यासाठीच आणायचे." (मावशीने बारा वर्षं घरी शिलाईकाम केलं. माझं काळं पायमशीन तिचंच आहे. ते फक्त सरळ टीप मारतं.)

कॉलरचे दोन भाग असतात. मानेला बटण लागतं ती उभी पट्टी आणि तिच्यात वरून खोवलेलं कॉलरचं पान. पट्टी शर्टापासून सोडवायची नाही, फक्त पान बाहेर काढायचं. उसवण्याआधी पानाचा आणि पट्टीचा मध्य रंगीत दोऱ्याने एकेक टाका घालून दाखवून ठेवला. ही खूण करायची राहून गेली तर कॉलर परत बसवताना एका टोकाला पाव इंच सरकते आणि ते समोरून डोळ्यात भरतं.

उसवताना दोरा ओढत सुटायचं नाही. एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका सीम रिपरने (शिवण उसवायच्या छोट्या हत्याराने) कापायचा, मग कापड उलटून मागच्या बाजूचा दोरा धरायचा. तो अख्खा लांबच्या लांब निघून येतो आणि कापडाला धक्का लागत नाही. मला पाऊण तास लागला.

पान बाहेर आलं तेव्हा त्याची खालची बाजू बघत राहिले. कित्येक वर्षं उन्हापासून दडलेली, रेघा अजून गडद निळ्या. झिजलेल्या जागेवर मशीन पुढे-मागे करून जवळजवळ टिपा मारल्या, म्हणजे दोरे पुढे सुटणार नाहीत. मग पान उलटं करून पट्टीत खोवलं, खुणा जुळवल्या, हाताने कच्चे टाके घातले आणि सुईच्या जुन्या भोकांवरूनच टीप मारली. झिजलेली बाजू आता घडीच्या आत गेली. एक सूचना मात्र देते. कॉलरच्या टोकांना आतून, ती ताठ ठेवणारी काडी घालायचे खिसे असतील तर ही युक्ती चालत नाही, कारण आतली बाजू बाहेर आली की ते वर दिसतात.

शर्ट नवऱ्याला बसला. आधी त्या शर्टाची माझ्यासाठी कुर्ती करायचा बेत होता, पण इतक्या चांगल्या बेतलेल्या शर्टाला कात्री लावायला जीव झाला नाही. मला वाटतं, जुना कपडा जितका कमी कापला जाईल तितकं बरं. सगळं फाडून नव्याने शिवलं की त्याची मूळची बेतणी जाते आणि आपली बेतणी अजून तेवढी चांगली नाही.

जीन्स

उंची ६ सेंटिमीटर जास्त होती. कंपनीची खालची झिजलेली, पिवळट दोऱ्याची दुमड मला ठेवायची होती. त्यासाठी पाय बाहेरच्या बाजूला वर दुमडायचा आणि दुमडीची टीप जिथे संपते तिथपासून घडीपर्यंत निम्मं अंतर ठेवायचं, म्हणजे माझ्या बाबतीत ३ सेंटिमीटर. दुमडीच्या अगदी कडेला चिकटून टीप मारायची, जादा कापड आत वळवून इस्त्री करायची. शिवण दिसतच नाही.

त्रास झाला तो बाजूच्या जाड शिवणीवर. १४ नंबरच्या दोन सुया मोडल्या. १६ नंबर लावली, टाका मोठा केला, जाड जागा खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकून चपटी केली आणि तिथले चार-पाच टाके चाक हाताने फिरवून घातले. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय चढावर वाकडा होतो तेव्हा त्याच्या मागे जीन्सचाच घडी केलेला तुकडा सरकवायचा. पाय सपाट झाला की टाके सुटत नाहीत.

रेयॉनचा कुर्ता

हा बिघडला. गळा बंद होता, मला खोल हवा होता. खडूने आखला, कापला आणि पट्टी कापायला उठले. परत आले तोवर गळा हँगरवर स्वतःच्याच वजनाने लोंबून दीड इंच मोठा झालेला. गोल गळ्याचा थोडा भाग उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, जातो आणि उरेब कापड ताणतंच, त्यात रेयॉन. कापण्याआधी आखलेल्या रेघेच्या बाहेरून, म्हणजे जो भाग राहणार त्यावर, एक साधी टीप मारून ठेवायला हवी होती. मला हे माहीत होतं. घाई केली आणि ५० रुपयांपेक्षा त्या सुंदर कापडाचं वाईट वाटलं.

तो टाकला नाही. गळ्याच्या कडेने बारीक धावदोरा घातला, दोरा हलकेच ओढून गळा मूळ मापावर आणला, चुण्या पडणार नाहीत एवढंच, आणि ओल्या फडक्यावरून इस्त्री दाबून धरली. वरून उरेब पट्टी लावली, गळ्यापेक्षा थोडी आखूड कापून. आता पुढून बरा दिसतो. मागे मानेपाशी अजून किंचित उभा राहतो. पुढचा रेयॉन मी कापायच्या आधी टीप मारूनच हातात घेईन, आणि कापल्यावर पाटावर सपाट ठेवेन.

तुकड्यांची पिशवी भरत आली आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे तुकड्यांची गोधडी, शिवतात ती मला फार आवडते. तुकडे आधी एकमेकांना जोडत नाहीत, कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने फिरत फिरत मध्याकडे जातात. आपल्या गोधडीच्या धावदोऱ्याचाच हात, त्यामुळे छोट्या उशीच्या अभ्र्यापासून जमेल असं वाटतं. दिवाळीनंतर बघू.

त्याआधी एक काम आहे. परवा शेजारच्या काकूंनी त्यांच्या यजमानांचा लोकरी कोट दिला, खांद्यात माझ्यापेक्षा दोन इंच मोठा. खांदा कमी करायचा तर बाही उतरवावी लागेल, आणि बाहीच्या मुंढ्यात आतून कापसाची गादी आहे. अजून पातं लावलेलं नाही. काल रात्री आतून बोटाने चाचपून बघितलं, तर अस्तर खालच्या कडेला नुसतं हाताने टाचलेलं आहे, एकेक टाका जवळजवळ अर्ध्या इंचाचा. रविवारी तिथूनच उघडायला घेते.