कल्हईसाठी साडेतीन महिने

आजीच्या पितळी पातेल्याला कल्हई लागायला साडेतीन महिने गेले. प्रत्यक्ष कल्हईला एका भांड्याला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. बाकीचा सगळा वेळ कुठे गेला ते सांगते, म्हणजे तुमचा तरी वाचेल.

जानेवारीत वाईचं घर आवरलं. माळ्यावरून सहा भांडी खाली आली: दोन मोठी पातेली, दोन तपेल्या, एक डेचकी, एक लहान गंज. मोठ्या पातेल्याच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलंय, ‘चि. सौ. कां. हिस मामाकडून, १९५८’. ‘कां.’च्या पुढचा शब्द घासून घासून गेलाय. मावशी म्हणाली, मोडीत घाल, चांगले पैसे येतील. मी सहाही भांडी पोत्यात गुंडाळून पुण्याला आणली. मला ती शोकेसमध्ये नको होती, त्यात झाडं तर अजिबातच नको. गुढीपाडव्याला त्या मोठ्या पातेल्यात कटाची आमटी करायची, एवढंच मनात होतं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आतून कल्हई नसेल तर चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो, काहीही आंबट त्यात कळकतं. हिरवट रंग, जिभेवर कडवट तुरट चव, आणि पोटालाही वाईट. माझ्या लहानपणी ‘ताक कळकलं’ हे वाक्य घरात नेहमी कानावर पडायचं. माझ्या मुलीला तो शब्दच माहीत नव्हता. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा, म्हणजे टिनचा, पातळ थर. तेवढ्यानं आंबट पदार्थ आणि पितळ यांची गाठ पडत नाही.

कल्हईवाला शोधायला महिना गेला, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन विचारलं. तिथे आजही तांब्याच्या भांड्यावर मठारकामाचे ठोके ऐकू येतात, उभं राहून बघत राहावंसं वाटतं. तिथल्याच एकांनी एका चाचांचा नंबर दिला. चाचांची अट सरळ होती: ‘ताई, चार घरांची भांडी जमवा, भट्टी घेऊन मी तुमच्याकडे येतो.’ चार घरं मी दोन दिवसांत जमवली.

आणि मग सोसायटीचं ऑफिस.

आवारात भट्टी लावायची म्हणजे परवानगी हवी, हे मला मान्य होतं. मी साधा अर्ज लिहून नेला. तो चालणार नाही, छापील फॉर्म भरा म्हणाले. फॉर्म होता फ्लॅटमधल्या दुरुस्तीचा: फर्निचर, प्लंबिंग, रंगकाम, इतर. ‘इतर’वर खूण करून मी ‘भांड्यांना कल्हई’ लिहिलं. ऑफिसमधल्या मुलानं विचारलं, ‘मॅडम, हे वॉटरप्रूफिंगमध्ये येतं का?’ त्याचा काय दोष, त्यानं कल्हई कधी पाहिलीच नव्हती. पण फॉर्ममध्ये कंत्राटदाराचा जीएसटी नंबर, कामगारांची संख्या, मलबा कुठे टाकणार, ५,००० रुपये अनामत असे रकाने होते, आणि एकही रकाना रिकामा चालणार नव्हता. हातभर भाता आणि कोळशाचं पोतं घेऊन येणाऱ्या माणसाचा जीएसटी नंबर मी कुठून आणू? ‘लागू नाही’ लिहिलं म्हणून फॉर्म परत आला. दुसऱ्यांदा भरला.

मग कमिटीची मीटिंग. ती महिन्याच्या शेवटच्या रविवारी असते. फेब्रुवारीत पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून झालीच नाही. मार्चमध्ये माझा विषय शेवटचा होता आणि त्याच्या आधी पार्किंगच्या भांडणात दीड तास गेला. मी कोपऱ्यात बसून होते. पाळी आली तेव्हा प्रश्न आले: धूर किती होईल? वास येईल का? गाड्यांवर राख उडाली तर जबाबदार कोण? शेजारच्या विंगच्या सह्या आणल्यात का? याच आवारात दिवाळीत रात्री बारापर्यंत फटाके उडतात, तेव्हा एकही फॉर्म भरावा लागत नाही, हे मी तिथेच बोलले. आवाज चढला होता माझा, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मध्ये पाडवा होऊन गेला. कटाची आमटी स्टीलच्या पातेल्यात केली. ती भांडी बाल्कनीत पोत्याखाली तशीच पडून होती आणि मला येता-जाता दिसत होती.

शेवटी मार्ग निघाला तो चौथ्या मजल्यावरच्या काकूंमुळे. पंच्याहत्तरीच्या काकू सेक्रेटरींकडे गेल्या आणि म्हणाल्या, माझी परात पण त्यात आहे, मी मरायच्या आधी तिला कल्हई झालेली बघायचीय. दोन दिवसांत पत्र आलं. मागच्या गेटजवळ, बागेच्या नळापाशी, रविवारी सकाळी आठ ते दहा, वाळूच्या दोन बादल्या आणि अग्निशामक नळकांडं शेजारी ठेवून. या अटींना माझी ना नव्हतीच. पहिल्याच दिवशी एवढं सांगितलं असतं तर तेव्हाच हो म्हटलं असतं.

म्हणून सांगते, कल्हईवाल्याचा नंबर मिळायच्या आधीच अर्ज द्या. सगळ्या घरांच्या सह्या एकत्र घ्या, वाळूच्या बादल्यांचं अर्जातच लिहा, आणि एखादी काकू सोबत न्या.

चाचा पावणेआठलाच आले. निखारे फुलले, पातेलं चिमट्यात धरून तापवलं, आत नवसागराची पूड टाकली. पांढरा धूर भसकन वर आला, नाकाला झोंबणारा, म्हणून वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा. नवसागरानं आतला काळपट थर निघतो आणि कथील धरायला जागा होते. मग कथलाची कांडी तापल्या पितळाला नुसती टेकवली. कथील २३२ अंशांना वितळतं, तिथल्या तिथे पाणी झालं. कापसाच्या बोळ्यानं चाचांनी ते गरगर फिरवलं, आणि काळं पिवळं बूड बघता बघता चांदीसारखं पांढरं झालं. पाण्यात बुडवल्यावर चर्र आवाज. माझी मुलगी तोंडावर रुमाल धरून शेवटपर्यंत उभी होती.

कथिलात शिसं मिसळलेलं नाही ना, हे आधी विचारा. शिसं विषारी. मी विचारल्यावर चाचा रागावले नाहीत. नवी कांडी माझ्या कानाजवळ धरून वाकवली. आतून करकर आवाज आला. ‘ताई, शिशाची कांडी गपगुमान वाकते. कथील ओरडतं.’ त्या आवाजाची आठवण झाली की अजून छान वाटतं.

लहान भांड्याला २०० आणि मोठ्याला ४५० रुपये. माझी सहा भांडी १,७०० रुपयांत झाली.

एक राहिलंच. इंडक्शनवर पितळ तापत नाही, तेव्हा घरात गॅस हवा. रिकामं भांडं आचेवर ठेवून विसरू नका, कल्हई वितळून ओघळेल. फोडणी मी लोखंडी कढल्यात करून वरून ओतते. तारेची घासणी लावायची नाही, नारळाची शेंडी आणि साधा साबण पुरतो. रोज वापरलं तर चार-सहा महिन्यांत आतून पिवळं दिसायला लागेल, तेव्हा पुन्हा कल्हई.

त्याच रात्री मोठ्या पातेल्यात आमसुलाची आमटी केली आणि मुद्दाम सकाळपर्यंत तशीच ठेवली. सकाळी झाकण काढून चमच्यानं चाखली. कळकली नव्हती. मुलीलाही चाखवली. काठाखालचं १९५८ आता घासल्यावर लख्ख दिसतं.

परवानगीचं पत्र फाइलला लावलंय. त्यावर फक्त त्या एका रविवारची तारीख आहे. दसऱ्याच्या आधी परत कल्हई लागेल, म्हणून वर्षाची एकदाच परवानगी द्या असा अर्ज मी परवाच देऊन आलेय. सह्या नऊ घरांच्या आहेत.