‘इन्फिनिटी कॅसल’ नवख्या माणसाला दाखवावा का?

(‘मुगेन ट्रेन’ या आधीच्या चित्रपटापर्यंतच्या आणि त्यानंतरच्या काही गोष्टी खाली उघड केल्या आहेत. ‘इन्फिनिटी कॅसल’मध्ये कोण जिंकतं, कोण हरतं ते मात्र लिहिलेलं नाही.)

‘डेमन स्लेअर’ ही राक्षसांशी लढणाऱ्या तलवारबाजांची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, मालिका. तिच्यावरचा ‘डेमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ ला भारतात लागला आणि जपानी-इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूतही लागला. त्यामुळे मालिकेचा एकही एपिसोड न पाहिलेली बरीच मंडळी थिएटरात पोचली. कुणी मित्राबरोबर, कुणी भाच्याच्या हट्टापायी. तेव्हापासून अ‍ॅनिमेवाल्यांमध्ये एक वाद काही केल्या मिटत नाही. एक गट म्हणतो, अ‍ॅनिमेशन इतकं जबरदस्त आहे की आधीचं काही माहीत नसलं तरी पैसे वसूल. दुसरा म्हणतो, आधी सगळी मालिका बघा, मगच तिकीट काढा.

मला दोन्ही सल्ले निरुपयोगी वाटतात. पहिला ऐकून गेलेला माणूस दीडेक तासाने मोबाईल काढतो. दुसरा ऐकणारा मालिकेला हातच लावत नाही. ६३ एपिसोड म्हटल्यावर कोण लावेल?

खरा प्रश्न असा की नवख्या प्रेक्षकाचं नेमकं कुठे अडतं. बहुतेकांना वाटतं, माहितीवाचून. हाशिरा (सगळ्यात वरचे तलवारबाज) कोण, अप्पर मून (सगळ्यात वरचे राक्षस) म्हणजे काय, ब्रीदिंगचे (श्वासावर आधारलेल्या तलवारबाजीचे) प्रकार किती. पण ही माहिती पाच मिनिटांत सांगून होते आणि चित्रपट स्वतःही बरीच सांगतो. अडतं ते ओळखीवाचून. नायक तांजिरोचा साथीदार झेनित्सु, त्याचंच बघा. गुरुबंधू काइगाकूसमोर तो शांत उभा राहतो, आवाज खाली, नजर स्थिर. मालिका पाहिलेल्यांच्या अंगावर तिथे काटा येतो, कारण हा पोरगा एरवी सतत किंचाळत असतो. राक्षस दिसला की रडतो, मुलगी दिसली की गळ्यात पडतो, लढतो तेही झोपेत. त्याच्या गुरूचं काय झालं, गुरुबंधूनं काय केलं हे चित्रपट फ्लॅशबॅकमधून व्यवस्थित सांगतो, त्यामुळे नवख्या माणसाला प्रसंग कळतो. पण त्याला दिसतो तो पिवळ्या केसांचा एक गंभीर तलवारबाज. झेनित्सु गंभीर झालाय ही बातमी त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणूनच यूट्यूबवरचा वीस मिनिटांचा ‘स्टोरी सो फार’ व्हिडिओ इथे फारसा कामाला येत नाही. त्यात घटना मिळतात, माणसाच्या सवयी मिळत नाहीत.

हे लक्षात घेतलं की कुठला अ‍ॅनिमे चित्रपट नवख्याला चालेल याची एक बऱ्यापैकी भरवशाची कसोटी हाती येते: चित्रपटाच्या मध्यभागी असलेलं माणूस चाहत्यांनाही नवीन आहे का?

‘मुगेन ट्रेन’ला ही कसोटी लावून बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये लागलेल्या या ११७ मिनिटांच्या चित्रपटानं तिथे ४,००० कोटी येनच्या वर कमाई केली आणि जवळपास वीस वर्षं अबाधित असलेला मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’चा विक्रम मोडला. एवढा गल्ला एकट्या चाहत्यांच्या जिवावर जमत नाही. तसं पाहिलं तर चित्रपट कथेच्या ऐन मध्यातला आहे. २६ एपिसोडचा पहिला सीझन जिथे संपतो तिथून पुढे सुरू होतो आणि आधीचं काहीही उगाळत बसत नाही. तरी तो चालला, कारण त्याचं सगळं वजन रेंगोकू या हाशिरावर आहे आणि रेंगोकूला तोपर्यंत चाहतेही जेमतेम ओळखत होते. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे हाशिरांच्या बैठकीत तो दिसतो, दोन-चार वाक्यं बोलतो, बस्स. त्याची खरी ओळख होते ती ट्रेनच्या डब्यात. समोर जेवणाच्या रिकाम्या डब्यांची चळत, आणि दर घासाला खणखणीत आवाजात ‘उमाइ!’ (चविष्ट!). तांजिरो, झेनित्सु, इनोसुके दारात उभे राहून त्याच्याकडे बघत राहतात आणि थिएटरातला प्रत्येक जण, जुना असो की नवा, त्यांच्या शेजारी उभा असतो. पुढच्या दीड तासात या माणसावर जो जीव जडतो तो सगळ्यांचा एकाच वेगानं जडतो.

अप्पर मूनपैकी अकाझा या राक्षसाचंही तसंच. शेवटच्या भागात तो अक्षरशः आकाशातून पडल्यासारखा येतो. आधी चाहूल नाही, उल्लेख नाही. ही पटकथेतली त्रुटी आहे असं म्हणणारे चाहते आजही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण नवख्या प्रेक्षकाच्या दृष्टीनं तो फायदाच ठरला. तिथे सगळेच सारखे बेसावध होते.

‘मुगेन ट्रेन’ नवख्यापासून दुरावतो तो एकाच ठिकाणी, तांजिरोच्या स्वप्नात. बर्फातल्या वाटेवर त्याला धाकटी भावंडं भेटतात आणि तो त्यांना मिठी मारून ढसाढसा रडतो. पहिला एपिसोड पाहिला नसेल तर हा मुलगा का रडतोय तेच कळत नाही, आणि स्वप्नातून बाहेर पडण्यासाठी त्याला काय सोडून यावं लागतं तेही. उपाय सोपा आहे. पहिल्या सीझनचे १, ११, १२, २२ आणि २६ हे पाच एपिसोड बघून घ्यायचे. पहिल्यात कुटुंब, अकरा-बारात झेनित्सु आणि इनोसुके, बाविसाव्यात हाशिरा, सव्विसाव्यात ट्रेनमधला राक्षस एनमू कुठून आला ते आणि ट्रेनमध्ये चढणं. दोन तासांचं काम आहे.

‘द फर्स्ट स्लॅम डंक’ (२०२२) हीच युक्ती जाणूनबुजून वापरतो. ताकेहिको इनोउए यांनी स्वतःच्या बास्केटबॉलवरच्या मांगावर (जपानी कॉमिकवर) स्वतःच लिहून दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. मूळ मांगा ३१ खंडांचा, टीव्ही मालिका १०१ एपिसोडची, आणि तरीही ती मालिका सान्नो या संघाविरुद्धच्या सामन्यापर्यंत पोचलीच नव्हती. जगभरातले चाहते त्या सामन्यासाठी दोन दशकांहून जास्त काळ थांबलेले. सरळ विचार केला तर मांगाचा नायक साकुरागीच मध्यभागी हवा होता. इनोउएंनी मध्यभागी आणलं ते मियागीला, ओकिनावातून आलेल्या बुटक्या पॉइंट गार्डला, ज्याच्या घरच्यांबद्दल मांगात फारसं काहीच नव्हतं. त्यामुळे तीस वर्षांपासूनचा चाहता आणि काल बास्केटबॉल हा शब्द ऐकलेला माणूस, दोघंही मियागीच्या घरात एकदमच पाऊल टाकतात. साकुरागीच्या काही विनोदांवर फक्त जुनी मंडळी हसतात, तेवढंच. अ‍ॅनिमे न बघणाऱ्याला एकच चित्रपट दाखवायचा असेल तर डोळे मिटून हा दाखवा.

‘जुजुत्सु कायसेन ०’ही याच जातकुळीचा. १०५ मिनिटं, नायक युता ओक्कोत्सु, जो टीव्ही मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये पडद्यावर आलेलाच नव्हता. शिवाय कथा मूळ मालिकेच्या आधी घडते. गोजो आणि गेतो या जुन्या मित्रांमधलं काही समजायचं राहतं, पण गोष्ट अडत नाही. भारतात ‘इन्फिनिटी कॅसल’पाठोपाठ त्याच महिन्यात ‘चेनसॉ मॅन’चा रेझेवाला चित्रपट आला. त्यालाही हे लागू होतं. रेझे सगळ्यांनाच नवी, त्यामुळे मालिकेचे पहिले तीन-चार एपिसोड बघून गेलं तरी नायक डेन्जी असा का वागतो ते पुरेसं कळतं. तो मुलांना दाखवायचा चित्रपट मात्र अजिबात नाही.

उलट उदाहरण हवं असेल तर ‘हायक्यू’ या व्हॉलीबॉलवरच्या मालिकेचा ‘डम्पस्टर बॅटल’. लांबी ८५ मिनिटं आणि त्याआधीचे एपिसोडही ८५. व्हॉलीबॉलचा सामना म्हणून तो कुणालाही खिळवून ठेवतो. पण प्रतिस्पर्धी संघातल्या केन्माला खेळात कशाचंच काही वाटत नाही आणि नायक हिनाता पहिल्या सीझनपासून त्याच्या मागे लागलाय, ही सगळी वर्षं पोटात असल्याशिवाय शेवटचा क्षण हलकाच जातो. हा चित्रपट चाहत्यांसाठीच आहे आणि तसा असण्यात काही गैर नाही.

आता पुन्हा ‘इन्फिनिटी कॅसल’कडे. १५५ मिनिटांत तीन मोठ्या लढती आहेत: हाशिरा शिनोबू विरुद्ध राक्षस डोमा, झेनित्सु विरुद्ध काइगाकू, आणि तांजिरो व हाशिरा गियू विरुद्ध अकाझा. या सहा-सात जणांपैकी नवख्याला नव्यानं आणि पूर्ण भेटतो तो फक्त अकाझा. त्याच्या भूतकाळाचा भाग लांबलचक आहे, स्वतःच्या पायावर उभा आहे, आणि मालिका न पाहिलेली माणसंही तिथेच डोळे पुसतात. चाहत्यांमधली गंमत अशी की नेमक्या याच फ्लॅशबॅकवर त्यांची तक्रार आहे. लढाई रंगात आली की थांबते, दहा-पंधरा मिनिटं मागे जाते, पुन्हा सुरू होते. मांगात हे खटकत नाही. आठवड्याला वीसेक पानांचं एक प्रकरण, त्यात एक आठवडा भूतकाळाला गेला तर वाचक सहज पुढे जातो. युफोटेबल या स्टुडिओनं तीच रचना जवळजवळ जशीच्या तशी पडद्यावर आणली, आणि सलग अडीच तासांत ते थांबे मोजता येतात. माझं मत विचाराल तर लढतींची लय त्यानं बिघडली आहे. पण नवख्याला धरून ठेवणारा चित्रपटातला सगळ्यात मोठा आधारही तोच आहे.

बाकी दोन लढतींसाठी तयारी लागते, आणि ती ६३ एपिसोडांची नाही. पहिल्या सीझनचे १, ३, ४, ११, १२, १७, १९, २२, २४, २५, २६. मग ‘मुगेन ट्रेन’ चित्रपट. मग मालिकेच्या ‘स्वोर्डस्मिथ व्हिलेज’ या भागाचा पहिला आणि शेवटचा, म्हणजे अकरावा, एपिसोड. मग ‘हाशिरा ट्रेनिंग’ या भागाचा दुसरा आणि आठवा. सगळं मिळून नऊ-साडेनऊ तास, म्हणजे एक शनिवार-रविवार. तिसरा-चौथा गियूला समजून घ्यायला लागतात, कारण त्याचा मित्र साबितो तिथे आहे. सतरावा झेनित्सुसाठी, त्याचा गुरू आणि गुरुबंधू दोघंही त्यात दिसतात. चोवीस-पंचवीस शिनोबू आणि तिची शिष्या कानाओ यांच्यासाठी. शिनोबूच्या त्या सततच्या हसण्यामागे काय दडलंय हे तांजिरो तिथे ओळखतो, आणि ते माहीत नसताना तिची डोमाबरोबरची लढत म्हणजे नुसतं विष, फुलपाखरं आणि वेग. ‘स्वोर्डस्मिथ’चा पहिला एपिसोड लांब आहे आणि सगळे अप्पर मून याच किल्ल्यात एकत्र येतात तो प्रसंग त्यात आहे. नाकिमे या राक्षसिणीनं बिवा हे तंतुवाद्य छेडलं की खोल्या कशा फिरतात तेही तिथेच डोळ्यांत बसतं. ‘हाशिरा ट्रेनिंग’चा आठवा सोडून चालणारच नाही, चित्रपट त्याच्या शेवटच्या क्षणाला जोडूनच सुरू होतो.

‘एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट’ या भागाचे अकरा एपिसोड यात नाहीत. देखणे आहेत, माझ्या मते संपूर्ण मालिकेतल्या सर्वात चांगल्या लढती तिथे आहेत, पण या चित्रपटासाठी त्यांच्यावाचून अडत नाही. चित्रपट आवडला तर नंतर बघायला तेवढं एक चांगलं शिल्लक राहील.

दोन ठिकाणी लोक हमखास घोटाळा करतात. पहिला सीझनच्या आकड्यांचा. कुठे ‘मुगेन ट्रेन’ला दुसरा सीझन धरतात, कुठे ‘एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट’बरोबर एकत्र बांधतात. म्हणून आकडा बघू नका, आर्कचं, म्हणजे कथाभागाचं, नाव बघा. दुसरा म्हणजे ‘मुगेन ट्रेन’ दोनदा बघणं. टीव्हीवरच्या सात एपिसोडांपैकी पहिला रेंगोकूचा नवा एपिसोड आहे, उरलेले सहा म्हणजे चित्रपटच थोडी भर घालून कापलेला. दोन्ही लागोपाठ बघणारे तिथेच कंटाळून मालिका सोडतात. चित्रपट बघा, सात सोडा. आणखी एक: दर एपिसोडची सुरुवातीची आणि शेवटची गाणी गाळली तर तीनेक मिनिटं वाचतात, पण एकोणिसाव्यात शेवटचं गाणं चालू असताना बोट आवरा. तो एपिसोड त्या गाण्यासाठीच लक्षात राहतो.

आणि तेवढाही वेळ नसेल, तिकिटं काढून झाली असतील, तर आत शिरण्याआधी सोबत्याला एवढं सांगा. मुझान हा राक्षसांचा मूळपुरुष, त्यानं तांजिरोचं घर संपवलं आणि वाचलेली बहीण नेझुको राक्षस झाली, पण ती माणसं खात नाही. राक्षस मरतो तो मुख्यतः ऊन लागलं तर किंवा खास पोलादाच्या तलवारीनं मान उडवली तर. माणसांच्या बाजूचे सगळ्यात वरचे तलवारबाज म्हणजे हाशिरा, आणि मुझानचे सगळ्यात वरचे सहा राक्षस म्हणजे अप्पर मून. त्यातल्या अकाझानं रेंगोकू या हाशिराला तांजिरोच्या डोळ्यांदेखत मारलं. नेझुको आता उन्हात टिकते म्हणून मुझानला ती हवी आहे आणि शेवटच्या झुंजीसाठी सगळे त्याच्या किल्ल्यात कोसळलेत. याच्या जोडीला झेनित्सु एरवी कसा असतो ते तेवढं नक्की सांगा. आणि हा तीनपैकी पहिला चित्रपट आहे, गोष्ट इथे संपत नाही, हेही. नाहीतर शेवटी दिवे लागल्यावर ‘एवढंच?’ असा प्रश्न ठरलेला.

नवखा सोबत असेल तर हिंदी डबचा खेळ निवडा. तांजिरो लढता लढता मनात बोलत राहतो, समोरचा मोठ्यानं बोलत राहतो, वर वाराचं नाव पडद्यावर उमटतं. सबटायटल वाचताना डोळे खालीच अडकतात आणि ज्या दृश्यांसाठी थिएटरात आलो तीच निसटतात. अ‍ॅनिमे म्हणजे कार्टून समजून सात-आठ वर्षांच्या मुलांना नेणारे पालक आपल्याकडे अजूनही बरेच आहेत. मुंडकी उडतात, रक्त भरपूर आहे, आणि अकाझाच्या भूतकाळातला काही भाग मोठ्यांनाही जड जातो. एवढ्या लहान मुलांना घरी ठेवा. मध्यंतर चित्रपटाचं नाही, थिएटरचं असतं. त्यामुळे ते लढतीच्या किंवा फ्लॅशबॅकच्या ऐन मध्यात येऊ शकतं. त्या दहा मिनिटांत सोबत्याचे प्रश्न ऐकून घ्या, पण पुढे काय होतं ते सांगू नका.