318 चा ट्रिगर, 317 चं लिमिट

1 जून 2024 च्या संध्याकाळी लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल आले आणि सोमवारी, 3 तारखेला, निफ्टी 3.25 टक्के चढून 23,263.90 ला बंद झाला. मी ब्रोकरच्या ऑफिसात डीलर आहे. त्या दिवशी माझ्या टर्मिनलवर विक्रीच्या ऑर्डर अगदी थोड्या होत्या.

दुपारी एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. एका सरकारी कंपनीचे 2,000 शेअर त्यांनी ऑगस्ट 2023 मध्ये 180 ला घेतले होते, भाव 341 चालला होता. "अरे, दोन महिने थांबलो तर वर्ष पुरं होतं. टॅक्स वाचेल."

"काका, किती वाचेल ते आधी काढू."

नफा 3,22,000. आज विकले तर 15 टक्क्यांनी 48,300 टॅक्स. वर्षानंतर पहिला एक लाख माफ, उरलेल्यावर 10 टक्के, म्हणजे 22,200. सेस सोडला तर फरक 26,100, शेअरमागे जेमतेम 13 रुपये. आणि हा शेअर रोज सरासरी 12 रुपये हलत होता, चौदा दिवसांचा आकडा समोर होता. एका दिवसाच्या हालचालीएवढ्या पैशांसाठी मंगळवारच्या निवडणूक निकालाची जोखीम अंगावर घ्यायची, हे मला पटलं नाही. (पुढे 23 जुलैच्या बजेटमध्ये तो 10 टक्क्यांचा दरही साडेबारा झाला.)

1,000 शेअर 341 ला विकले. उरलेल्या हजारांना ट्रेलिंग स्टॉपलॉस, म्हणजे भाव पडला तर विकणारी आणि भाव चढला की मागोमाग वर सरकवायची ऑर्डर: दिवसाचा उच्चांक 342, त्यातून रोजच्या हालचालीच्या दुप्पट, म्हणजे 24 रुपये वजा, ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा भाव) 318. एकपट अंतर ठेवलं तर साध्या चढउतारातच माल जातो, तिप्पट ठेवलं तर हातचा नफा फार सुटतो. लिमिट, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव, मी 317 ठेवलं. चूक तिथे झाली.

स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते आणि प्री-ओपनमध्ये, म्हणजे बाजार उघडण्याआधीच्या सत्रात, घेतली जात नाही, म्हणून मंगळवारी 9:15 ला पुन्हा टाकली. भाव घसरत आला, 318 तुटलं, आणि ऑर्डर जागी झाली तोवर घेणारे 313 ला उभे होते. आता ती बाजारापेक्षा वरच्या भावाची साधी विक्री झाली होती. स्क्रीनवर ट्रिगर लागलेला, पण 1,000 ची क्वांटिटी पेंडिंग. लिमिट खाली आणलं तर भाव त्याच्याही खाली. शेवटी 297.50 ला माल गेला. 317 च्या हिशोबाने 19,500 रुपये कमी आले. निफ्टी त्या दिवशी 5.93 टक्के पडला.

लिमिट 305 असतं तर 305 लाच विकावं लागलं असतं असं नाही. एक्स्चेंज आधी सगळ्यात वरचा घेणारा देतं, म्हणजे 313 च्या आसपास सौदा झाला असता. भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये ट्रिगर आणि लिमिटमध्ये तीन-चार टक्के अंतर हवंच. लोअर सर्किटला (दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेला) अडकणाऱ्या छोट्या शेअरमध्ये मात्र घेणाराच नसतो, तिथे क्वांटिटी आधीच कमी करावी लागते.

7 जूनला निफ्टी 3 जूनच्या बंद भावावर परत पोहोचला. काकांचा फोन आला, "दुसऱ्या हजारांची घाई झाली का रे?"

"318 ला बाहेर पडायचं आपलं आधीच ठरलं होतं, काका. चुकलं ते लिमिट."

"मग पुढच्या वेळी?"

"318 ला 305."