सड्यावरची कातळशिल्पं: कधी जायचं, कशी बघायची

कातळशिल्पं म्हणजे कोकणातल्या सड्यांवर, जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, कोरलेली प्राचीन चित्रं. ती बघायला मी भर दुपारी कधीच जात नाही. कोरलेल्या रेषा उथळ असतात. ऊन डोक्यावर आलं की खाचेत सावली पडत नाही आणि अख्खा हत्ती पायाशी असूनही दिसत नाही. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर ऊन तिरकं असतं, तेव्हा रेषेची कड उठून येते. सावलीचं झाड क्वचितच असतं, म्हणून पाणी आणि टोपी घरूनच न्यावी.

सुरुवात रत्नागिरी जिल्ह्यातल्या उक्षीपासून करावी. कोकण रेल्वेचं स्थानक गावाच्या नावाचंच आहे, आणि कोरलेल्या हत्तीभोवती गोल बांध घातल्यामुळे शोधाशोध करावी लागत नाही. एकच मोठी आकृती असल्याने डोळ्याला वळण लागतं: आधी पाठीची लांब रेष धरायची, तिच्यावरून सोंडेकडे जायचं, मग पाय.

हे जमलं की कशेळी. कनकादित्याच्या, म्हणजे सूर्याच्या देवळाच्या, या गावच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. त्याच्या पोटात ७०-८० लहान आकृत्या कोरलेल्या आहेत. थेट जवळ गेलं तर नुसत्या रेघांचं जाळं दिसतं, हत्ती हाती लागत नाही. मी आधी बाहेरून पूर्ण फेरी मारते, दूर उभी राहून बाह्यरेषा पक्की करते, आणि मगच पोटातले मासे, पाकट (चपटा, लांब शेपटीचा मासा), पक्षी एकेक ओळखत जाते. समुद्रातलं आणि जमिनीवरचं जग एकाच चित्रात मांडणाऱ्या त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. कोकणातल्या कातळांवर गेंडाही आहे, जो आज इथे नाही. शेतीची खूण मात्र सापडत नाही. म्हणून अभ्यासक ही चित्रं शिकार करून जगणाऱ्या, मध्याश्मयुगीन माणसांची मानतात.

देवाचे गोठण्याला होकायंत्र अवश्य न्यावं. भार्गवरामाच्या देवळाचं हे गाव. सड्यावरच्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्र ठेवून इंचाइंचाने सरकवलं की सुई भरकटते. आधी दहा पावलं दूर उत्तर दिशा बघून ठेवावी, नाहीतर फरक कळत नाही.

शिल्पांसाठी दिवाळीनंतर, गवत सुकल्यावर जावं. पावसात शेवाळाने पाय घसरतो, पण तेव्हा सडा वेगळ्याच कारणाने बघावा: गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही रानफुलं. कातळावरच्या पातळ मातीत नत्र फारच कमी असतं, म्हणून शेवटच्या दोन वनस्पती किडे धरून ते मिळवतात. लाखो वर्षांच्या पावसाने दगडातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तोच हा जांभा. वरचा थर टणक, खाली मऊ. गाडीच्या चाकाने तो थर फुटला की चित्र कायमचं गेलं.

फोटोसाठी रेषेत खडू, चुना, रांगोळी भरू नये. ते खाचेत अडकून राहतं आणि पुढच्या माणसाला कोरलेलं काय नि भरलेलं काय ते कळत नाही. माती साचली असेल तर गावातल्या माणसाला विचारून मऊ केरसुणी फिरवावी, हिराचा खराटा नाही. आकृतीवर पाय देऊ नये. बऱ्याचशा जागा खासगी मालकीच्या आहेत, तेव्हा सड्यावर चढण्याआधी वाडीत विचारावं; गडग्यातली (दगडी कुंपणातली) नेमकी वाटही तिथेच कळते. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातली आठ आणि गोव्यातलं एक ठिकाण आलं, पण यादीबाहेरच्या शिल्पांशीही असंच वागावं, कारण तिथे बहुधा साधा बांधही नसतो.