त्सुज्युन-क्यो: पाणी चढवणारा दगडी पूल

जपानमधल्या कुमामोतो शहरातून बस डोंगरात शिरते आणि दीडेक तासात यामातोला पोचवते. तिथल्या त्सुज्युन-क्यो या पुलाचे फोटो बऱ्याच जणांनी पाहिलेले असतात: दगडी कमान आणि तिच्या मधोमध दोन्हीकडे उसळणाऱ्या पाण्याच्या धारा.

पलीकडच्या शिराइतो पठाराला चहूबाजूंनी खोल दऱ्या. नद्या खाली वाहायच्या आणि वर भाताला पाणी नाही. इथले मुख्य गावप्रमुख फुता यासुनोसुके यांनी दरीवरून पाणी न्यायचं ठरवलं आणि 1854 मध्ये पूल उभा राहिला. लांबी सुमारे 78 मीटर, उंची 20 मीटरच्या आसपास. त्या काळच्या गवंड्यांना कमान याहून फार उंच नेणं झेपणारं नव्हतं, आणि शेतं तर पुलाहूनही वर!

मग पाणी चढलं कसं? आपले गवंडी पातळी बघायला पाण्याची नळी धरतात, तेच तत्त्व. अलीकडचं तोंड पलीकडच्या तोंडापेक्षा उंच ठेवलं, की मधे पाणी पुलापर्यंत खाली उतरून पुन्हा वर चढतं. पण त्या उताराचा सगळा दाब नळांवर येतो. लाकडी नळ प्रयोगातच फुटले. शेवटी दगडाचे ठोकळे कोरून तीन नळ केले आणि सांधे खास चुन्याच्या गिलाव्याने भरले. मला कमानीपेक्षा या सांध्यांचंच कौतुक जास्त वाटतं. पुलावरून चालताना ते ठोकळे ओळीने पायाखाली दिसतात. काम पुरं झाल्यावर फुता पांढरी वस्त्रं नेसून, पूल कोसळला तर प्राण द्यायच्या तयारीने बसले होते, असं इथे सांगतात.

त्या प्रसिद्ध धारा म्हणजे मूळची नळांची सफाई. मधली लाकडी बुचं काढली, की साठलेला गाळ जोरात बाहेर पडतो. खालून तो आवाज ऐकला तेव्हा आतल्या दाबाची खरी कल्पना आली.

2016 च्या भूकंपात पुलाला इजा झाली, 2018 च्या पावसात दगडी भिंतीचा काही भाग ढासळला. दुरुस्तीनंतर 2020 मध्ये धारा पुन्हा सुरू झाल्या आणि 2023 मध्ये पुलाला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. जाणार असाल तर धारांच्या तारखा आधी बघून घ्या. भातशेतीला पाणी लागतं त्या दिवसांत त्या बंद असतात, कारण शिराइतोच्या शेतांना आजही याच पुलावरून पाणी जातं.