कोणतं ॲप डेटा खाऊन राहिलं, पाहा ना राजेहो

धरमपेठेतल्या खोलीवर वायफाय नाही, लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच चालते, म्हणून ॲपवार हिशोब ठेवणं मला फार गरजेचं वाटते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून नेटवर्क अँड इंटरनेट, मग ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, तिथं डेटा युसेज उघडलं की मागच्या ३० दिवसांत कोणत्या ॲपनं किती खाल्लं ते दिसते, पण आत्ता या घडीला कोण ओढून राहिलं हे पाहायचं असेल तर विंडोजमधल्याच रिसोर्स मॉनिटर या टूलचा नेटवर्क टॅबच बरा, प्रोसेसचं (म्हणजे चालू प्रोग्रामचं) नाव अन् सेकंदाला किती बाइट गेले-आले सगळं समोर. लिनक्सवाल्यांनी नेटहॉग्स टाका, कोणता प्रोग्राम किती डेटा ओढून राहिला ते दाखवणारं टूल, मस्त आहे. अन् विंडोजच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट मीटर्ड कनेक्शन (म्हणजे मोजक्या डेटाचं कनेक्शन) करून ठेवाच, बरेचसे विंडोज अपडेट मग आपोआप उतरत नाहीत. ब्राउझरमधल्या व्हिडिओची क्वालिटी मात्र आपल्यालाच कमी करा लागते.